बोटाच्या पेराएवढा घोडा

मागच्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागल्यावर आम्ही बाजीकडे अमेरिकेत गेलो होतो. फ्लोरिडातले टँपा हे तिचे गाव. परत आल्यावर अनेक भगिनींनी विचारले, तिथले काय काय पाहिले ते लिहा. रस्ते, दुकाने, समुद्र सगळे पाहिले. पण आज लिहायचे आहे ते आमच्या भाचीच्या टेबलावरच्या काचेच्या पेटीबद्दल, कारण त्या पेटीने आम्हाला चांगलाच धडा दिला.

भाची चौदा वर्षांची. पेटी लहानशी, १९ लिटरची, म्हणजे एका मोठ्या हंड्याएवढे पाणी. पहिल्या दिवशी आम्हाला आत नुसते हिरवे शेवाळ आणि दोन-चार काड्या दिसल्या. "खाला, काडीला गुंडाळलेली शेपटी बघा," भाची म्हणाली. चष्मा लावून वाकून पाहिले, तर प्रत्येक काडीला एकेक घोडा! बुद्धिबळातल्या घोड्यासारखे तोंड, आणि उंची आपल्या बोटाच्या एका पेराएवढी, दोन-अडीच सेंटिमीटर.

हे बुटके समुद्रघोडे. शास्त्रीय नाव हिप्पोकॅम्पस झोस्टेरी. मेक्सिकोचे आखात, फ्लोरिडाचा किनारा आणि बहामा बेटे हा त्यांचा मुलूख. उथळ पाण्यात समुद्री गवताची कुरणे असतात, त्यांत ते शेपटीने गवत धरून राहतात. पोहण्यात इतके मंद की जगातला सर्वांत संथ मासा म्हणून यांचेच नाव घेतात. तासाभरात जेमतेम दीड मीटर अंतर. आयुष्य साधारण एका वर्षाचे. आणि सगळ्यांत नवलाची गोष्ट, पिल्ले जन्माला घालतो बाप. मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत ठेवते. दहा-बारा दिवस तो ती वागवतो आणि मग पिल्ले बाहेर सोडतो. हे ऐकून बाजी दुल्हाभाईंकडे बघून हसली, ती का हसली हे वाचक भगिनींना सांगायला नको.

भाचीने हे घोडे समुद्रातून धरून आणलेले नव्हते. पेटीतच जन्मलेल्या घोड्यांची पैदास करणारे लोक तिथे आहेत, त्यांच्याकडून घेतले होते. घोडे आणण्याआधी सहा आठवडे पेटी नुसती पाणी भरून चालू ठेवली होती. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो पचवणारे जिवाणू पेटीत आधी वाढावे लागतात. पाणी गाळायला साधा स्पंज आणि त्यातून हवेचे बुडबुडे. जोराने पाणी ओढणारे यंत्र लावले तर हे जीव त्यात खेचले जातात. सोबतीला दुसरा मासा नाही, खेकडा नाही. हायड्रॉइड नावाचे बारीक, डंख मारणारे प्राणी शेवाळाबरोबर पेटीत शिरतात आणि पिल्लांना मारतात. त्यासाठी कुत्र्यांना जंतांवर देतात ते फेनबेंडाझोल औषध घोडे सोडण्याआधीच पाण्यात वापरून घेतले होते.

पण खरे काम खाण्याचे. समुद्रघोड्याला दात नाहीत आणि जठरही नाही. खाल्लेले झटपट पुढे सरकते, म्हणून पुन्हा पुन्हा खावे लागते. "यांना रोजा माफ आहे, खाला," असे भाची म्हणायची. शिवाय खाणे जिवंत आणि हलणारे हवे. त्यासाठी ती ब्राइन श्रिम्पची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जिवाची अंडी आणते. तपकिरी भुकटीच ती, वर्षानुवर्षे डब्यात कोरडी राहते. मिठाच्या पाण्यात घालून उजेडात ठेवायची, खालून हवा सोडायची, की सुमारे चोवीस तासांत नारिंगी ठिपक्यांसारखी पिल्ले बाहेर येतात. बाटलीच्या एका बाजूला दिवा धरला की ती उजेडाकडे गोळा होतात. तेवढीच नळीने ओढून, गोड्या पाण्यात धुऊन घोड्यांना द्यायची. टरफले मागे राहतात. हे रोज, सकाळ-संध्याकाळ.

जूनमध्ये बाजीच्या घरच्यांना अटलांटाला लग्नाला जायचे होते, चार दिवस. आमची तब्येत थोडी नरम होती, आम्ही म्हटले आम्ही घरीच राहतो, घोड्यांचीही फिकीर करू नका. भाचीने कागदावर सगळे लिहून दिले. बाटल्या दोन, आलटून पालटून. आज एक वापरायची, त्याच रात्री दुसरी भरायची.

पहिला दिवस नीट गेला. त्या रात्री फोनवर बोलता बोलता उशीर झाला आणि बाटली भरायची राहिली. सकाळी पाहिले तर कालच्या बाटलीत दोन-चार ठिपके उरलेले. आणि पेटीत? पाण्यावर, शेवाळात, काचेजवळ चिमुकले धागे तरंगत होते. पिशवी फुगलेल्या नराने रात्रीत पिल्ले सोडली होती. आम्ही तीन वेळा मोजली. अकरा. प्रत्येक पिल्लू जेमतेम आठ मिलिमीटरचे, पण बापाची हुबेहूब नक्कल, शेपटीने गवत धरायला धडपडणारे.

घाईघाईने बाटली भरली. पण चोवीस तास म्हणजे चोवीस तास. वीस वर्षे घरात मटकी भिजत घालतो आहोत. आज मोड हवेत तर काल भिजवावी लागते हे आम्हाला कोणी शिकवायला नको होते. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला एवढा वेळ उपाशी ठेवता येत नाही. भाचीला फोन लावला. ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "खाला, मत्स्यालयाच्या दुकानात कोपेपॉडची बाटली मिळते, जिवंत. ती आणा. पिल्ले किती आहेत?" आम्ही म्हणालो, "आहेत बरीच."

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचे दार वाजवले. आमचे इंग्रजी वर्गात फळ्यावर लिहिण्यापुरते. पण त्या माउलीने पेटीत एकदा पाहिले आणि गाडीची किल्ली घेतली. दुपारी बाटली मिळाली. त्यातले बारीक जीव पेटीत सोडले, तेव्हा काही पिल्ले माना वळवून टिपू लागली. काही हललीच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चार पिल्ले तळाला गेली. आम्ही ती नळीने काढली. उरली सात.

घरचे परत यायच्या आदल्या रात्री एक विचार आमच्या मनात आला, तो लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. किती जन्मली हे आमच्याशिवाय कोणाला माहीत होते? सातच जन्मली म्हटले असते तर सात जिवंत असल्याची शाबासकी मिळाली असती. रोज वर्गात मुलांना सांगतो, चूक झाली तर खोडरबर लावू नका, एक रेघ मारून पुढे बरोबर लिहा. आणि इथे आम्हीच खोडरबर हातात घेऊन बसलो होतो.

भाची आली, बॅग दारात टाकून पेटीपाशी गेली. आम्ही तिच्यामागे उभे राहून सांगितले, "अकरा होती, बेटा. बाटली भरायला आम्ही विसरलो. चार गेली." ती काही बोलली नाही. टेबलावरची वही उघडून तारीख घातली: जन्म ११, मृत्यू ४. खाली लिहिले, बाटली रात्री भरली नाही. आमचे नाव लिहिले नाही. मग म्हणाली, "पहिल्या वेळी माझ्याकडे एकही वाचले नव्हते, खाला." आणि वहीचे मागचे पान उघडून दाखवले.

घरी आल्यावर आमच्या धाकट्याने फोटो पाहिले आणि हट्ट धरला, आपल्याकडेही अशी पेटी हवी. त्याला सांगितले तेच इथे सांगतो. समुद्रघोडे आपल्या देशाच्या समुद्रातही आहेत. वाळवून औषध म्हणून विकण्यासाठी त्यांची फार पकड झाली, म्हणून २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना सर्वांत कडक संरक्षण दिले आहे. धरणे, विकणे, वाळवलेला जवळ बाळगणेसुद्धा गुन्हा. कोणी हौसेने विकत असेल तर घेऊ नका. जाळ्यात जिवंत सापडला तर पाण्यात परत सोडावा.

धाकट्याला गप्पी मासे आणून दिले आहेत. बरणीशेजारी एक वही ठेवली आहे. त्याने आत्तापर्यंत दोन नोंदी केल्या आहेत, आणि त्यातली एक, पाणी बदलायचे राहिल्याची, आमच्या नावावर आहे.