आमचें सायंकाळचें दूरदर्शन

करमणूक जसजशी सुलभ होते, तसतशी माणसाची सोशिकता कमी होत जाते, असा एक सिद्धान्त मांडतां येईल. तो पडताळून पाहावयाचा असल्यास मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या दशकांतील एखादा आठवडा डोळ्यांपुढें आणावा. हें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं, म्हणजे गांधीजयंतीच्या दिवशीं सुरू झालें. मुहूर्त काढणारानें मोठीच दूरदृष्टि दाखविली म्हणावयाची. कारण पुढें प्रेक्षकांना ज्या गुणांची पदोपदीं गरज पडली, ते संयम, मौन व अपरिग्रह हे गुण महात्माजींना विशेष प्रिय होते. वाहिनी एकच असल्यामुळें अपरिग्रह तर आपोआपच साधे.

वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी खाडी ओलांडून भिवंडीस येत. परंतु घरांत शिरावयाचें कीं नाहीं हें छपरावरील अँटेना ठरवी, आणि अँटेनानें काय ठरवावें हें तिच्यावर बसणारा कावळा ठरवी. वरून ‘आलें का?’ आणि खालून ‘गेलें!’ असा जो संवाद चाले, तोच कित्येक घरीं सायंकाळचा पहिला कार्यक्रम असे.

त्यानंतर ‘आमची माती आमची माणसं’. ज्याच्या दारीं तुळशीवृंदावनापलीकडे शेती नाहीं, असा गृहस्थहि कपाशीच्या बोंडअळीचीं लक्षणें पाठ म्हणूं लागे. यांत हंसण्याजोगें पुष्कळ आहे. परंतु भिवंडीचें पोट यंत्रमागावर. येथें कापूस येतो तो सूत होऊन, कोनांवर गुंडाळलेला. ज्या सुतावर अवघें गांव जगतें, तें मुळांत एका झाडाला लागतें, त्या झाडाला अळी लागते, आणि त्या अळीच्या चिंतेनें विदर्भ-खानदेशांत कोणी रात्र जागून काढतो, ही गोष्ट भिवंडीच्या मुलांना सांगण्याचें काम त्या कंटाळवाण्या कार्यक्रमानें केलें. तो पाहावयास मिळावा म्हणून कोणी अर्ज केला नव्हता. केला असता तर बहुधा बंद करण्याविषयींच केला असता!

कामगारांकरितांहि स्वतंत्र कार्यक्रम असत. मात्र यंत्रमागाची पाळी बारा तासांची. तेव्हां ज्यांच्या हिताच्या गोष्टी पडद्यावर सांगितल्या जात, त्यांपैकीं निम्मे त्या वेळीं मागापाशीं उभे असत. त्यांच्या वतीनें त्या गोष्टी मालकमंडळी घरीं बसून ऐकत असत कीं काय, याचा पुरावा उपलब्ध नाहीं.

‘प्रतिभा आणि प्रतिमा’ हा साहित्यविषयक कार्यक्रम. कवि बोलण्यापूर्वीं खाकरले, कीं घरांतील लहान मुलें शहाण्यासारखीं झोपीं जात. तरीहि ज्यांचीं पुस्तकें वाचनालयांतून आणावयाचीं, ते लेखक हंसतात कसे, अडखळतात कसे, हें कित्येकांनीं प्रथम तेथेंच पाहिलें. ‘गजरा’ मात्र सर्वांचा लाडका. पुढें याच केंद्रानें चिं. वि. जोशींचा चिमणराव पडद्यावर आणला. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. जोशी १९६३ सालींच निवर्तले होते. आपल्या मानसपुत्राची ही लोकप्रियता पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

‘साप्ताहिकी’ लोक पंचांगापेक्षां अधिक श्रद्धेनें ऐकत, आणि त्यांतील चित्रपटाचें नांव तेवढें लक्षांत ठेवीत. ‘छायागीत’ किंवा रविवारचा हिंदी चित्रपट असला, कीं ज्याच्या घरीं संच असे त्याच्या उंबऱ्यावर चपलांचा ढीग पडे. नायक संकटांत सांपडला असतां मध्येंच बातम्या लागत, आणि मंत्रिमहाशयांच्या हस्तें कोनशिला बसेपर्यंत त्याला तसेंच लोंबकळत राहावें लागे.

आमच्या भिवंडीची गम्मत आणखी निराळी. पुढें चित्रपटांत गाजलेल्या स्मिता पाटील आरंभीं या केंद्रावरून मराठी बातम्या सांगत. पण माग चालूं असतांना शेजारच्या घरांत त्यांचे ओंठ तेवढे हलतांना दिसावयाचे. वीज गेली म्हणजे माग थांबत, गल्लींत मंदिराच्या गाभाऱ्यासारखी शांतता पसरे, आतां प्रत्येक शब्द ऐकूं यावा, तों संचहि बंद! केंद्राच्या बाजूनें कांहीं बिघडलें तर निदान ‘व्यत्यय’ अशी पाटी तरी येई. विजेच्या कारभारांत तेवढाहि शिष्टाचार नव्हता.

असो. थट्टा पुरे झाली. त्या दूरदर्शनचे दोष मोठे होते. तें सरकारचें होतें आणि सरकारचाच पोवाडा गाई. प्रसारभारती हें स्वायत्त मंडळ १९९७ सालीं स्थापन झालें, तेंहि कायदा होऊन सात वर्षें लोटल्यावर. ‘दुसरें कांहीं पाहतों’ असें म्हणण्याची सोय नसणें ही गौरवाची गोष्ट नव्हे. तरीहि त्या सोशिकतेंत एक लाभ दडलेला होता, आणि तो आज आपल्या हातून निसटत आहे.

भिवंडींत मराठी, उर्दू, तेलुगु, हिंदी बोलणारीं माणसें एका गल्लींत नांदतात. हें गांव १९७० आणि १९८४ सालीं दंगलींत होरपळलें. दूरदर्शन आलेलें असूनहि दुसरी दंगल टळली नाहीं. तेव्हां त्याच्या अंगीं नसलेलें सामर्थ्य त्याला चिकटवूं नये. परंतु एका सतरंजीवर बसून एकाच विनोदाला हंसणें, एकाच कंटाळ्याला जांभई देणें, हाहि शेजारधर्माचा एक धडा आहे. आज प्रत्येकाच्या तळहातावर स्वतंत्र पडदा आहे. तो आपल्याला आवडतें तेंच दाखवितो, आणि काल आवडलें तेंच उद्यां पुनः वाढतो. शेजाऱ्यानें काय पाहिलें हें आपणांस ठाऊक नसतें, आणि कपाशीची अळी तर आपल्या वाटेला फिरकतच नाहीं. पूर्वीं आपल्यासाठीं निवड करणारा कोण हें निदान माहीत होतें, त्याला नांवें ठेवतां येत होतीं. आजचा निवड करणारा अदृश्य आहे.

म्हणून सार्वजनिक दूरदर्शन हवें. मात्र तें सरकारच्या स्तुतीपासून मुक्त, आणि पाळीवरून परतणाऱ्या कामगाराच्या वेळेस जुळणारें हवें. सह्याद्री वाहिनी आजहि आहे. विद्यार्थिमित्रांनो, आठवड्यांतून एक सायंकाळ हातांतील पडदा दूर ठेवा, घरांतील वडील माणसांजवळ बसा, आणि स्वतः न निवडलेला एक कार्यक्रम शेवटपर्यंत पाहा. कंटाळा येईल, हें आधींच सांगून ठेवतों. पण सर्वांना मिळून आलेल्या कंटाळ्यांतूनच गप्पांना आरंभ होतो, हा आमचा जुना अनुभव आहे.