बागायतदाराचा पहिला संगणक

शेतकऱ्याच्या घरीं संगणक कशाला, असें आतां फारसें कोणी विचारीत नाहीं. कोणता घ्यावा, हें मात्र पुष्कळजण विचारतात, आणि तें बहुधा दुकानाच्या पायरीवर उभें राहून विचारतात. तेथें मिळणारें उत्तर विक्रेत्याच्या सोयीचें असल्यास त्यांत नवल नाहीं. बोर्ली पंचतनसारख्या किनाऱ्यालगतच्या गांवीं राहणाऱ्या व आजवर संगणकास हात न लाविलेल्या बागायतदारानें या खरेदीचा विचार कोठून सुरू करावा, याविषयीं आमचें मत येथें देत आहों. तें असें कीं, यंत्राचा वेग पाहण्याआधीं आपलें काम, घरची वीज आणि घरांतील ओल यांचा विचार करावा.

सातबारा अथवा आठ-अचा उतारा मोबाईलवरही पाहतां येतो. तेवढ्यासाठीं टेबलावर यंत्र मांडण्याचें कारण नाहीं. संगणकाचें खरें काम हिशेब व नोंदी ठेवण्याचें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें श्रीवर्धन तालुक्यांतील माड-पोफळी आडव्या केल्या. त्यानंतर बागायतदारापुढें जो प्रश्न उभा राहिला तो झाडांच्या संख्येचा. नारळ-सुपारीची सरकारी मदतही पुढें झाडांच्या हिशेबानें ठरली. पडलेल्या वाडींत उभें राहून आठवणीनें संख्या सांगणें किती कठीण, हें ज्यानें ती वाडी पाहिली त्यास सांगावयास नको. कोणत्या वाडींत किती माड, किती पोफळी, कोणत्या सालीं लाविल्या, कितींनीं फळ धरलें, रोठा सुपारी किती निघाली व कोणत्या भावानें गेली, हें एका तक्त्यांत असावें. नवी पोफळ फळास येण्यास पांच-सात वर्षें घेते. तेव्हां नोंदही निदान तितकीं वर्षें टिकली पाहिजे. असा रुंद तक्ता तळहाताएवढ्या पडद्यावर भरणें म्हणजे डोळ्यांस शिक्षाच. शिवाय टेबलावरच्या संगणकाचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलतां येतो. म्हणून घरीं बसून काम करणाऱ्यानें लॅपटॉपच्या मागें लागूं नये.

या कामास यंत्र साधें पुरतें. चालू पिढींतील आय-थ्री किंवा रायझन-थ्री, आठ जीबी रॅम व पुढें वाढविण्यास एक मोकळी जागा, आणि किमान २५६ जीबीची एसएसडी. या शेवटच्या वस्तूवर तडजोड नको. जुन्या हार्डडिस्कमध्यें तबकडी फिरत असते. एसएसडींत फिरणारा भाग नसल्यानें ती वेगवान व धक्क्यास सोशीक असते. घरांतील तरुण मंडळी खेळासाठीं वेगळें ग्राफिक्स कार्ड मागतील. त्यांची हौस त्यांनीं आपल्या कमाईंतून भागवावी, असें आम्हांस वाटतें.

खरा धोका जुन्या यंत्रांचा. कचेऱ्यांतून निघालेले संगणक पुसून, वर आय-सेव्हनची चकचकीत चिकटपट्टी ठेवून स्वस्तांत विकले जातात. बैल घेतांना आपण शिंगांचा रंग पाहत नाहीं, दांत पाहतों. येथें दांत म्हणजे नांवापुढील आंकडा. आय-सेव्हन ३७७० हें तिसऱ्या पिढीचें, २०१२ सालचें यंत्र. २०२२ सालचें आय-थ्री १२१०० त्याहून अधिक चपळ आहे. विंडोज ११ साठीं इंटेलची साधारणतः आठवी पिढी किंवा तिच्या पुढची लागते, आणि विंडोज १० च्या मोफत सुरक्षा-सुधारणांची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. म्हणून असें यंत्र स्वस्त असलें तरी नवख्यानें घेऊं नये. घरांत आधींच असेल तर त्यावर लिनक्स घालून मुलांस शिकण्यास द्यावें.

यंत्रांत वांचविलेला पैसा विजेच्या सोयीवर खर्चावा. ६०० व्हीएचा यूपीएस साध्या संगणकास दहा-पंधरा मिनिटें धरतो. तो काम पुढें चालविण्यासाठीं नव्हे, तर काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यासाठीं असतो. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनीं बदलावी लागते, हें आधींच हिशेबांत धरावें. त्याहून महत्त्वाचें अर्थिंग, आणि त्याकडे कोणीच पाहत नाहीं. आपल्या जांभ्या जमिनींत पाणी ठरत नाहीं. चैत्र-वैशाखांत खड्डा कोरडा पडतो व अर्थिंग नांवापुरतें उरतें. जाणत्या वायरमनकडून तें उन्हाळ्यांतच मोजून घ्यावें आणि माडास पाणी घालतांना एक कळशी त्या खड्ड्यांतही ओतावी. वळवाच्या गडगडाटांत विजेची पिन काढावीच, पण इंटरनेटची तांब्याची तारही काढावी. पुष्कळजण ती विसरतात.

ओल व खारा वारा हे सांध्यांचे शत्रू. समुद्राकडील खिडकी व मोरीकडची भिंत टाळून, जमिनीपासून हातभर उंच यंत्र ठेवावें. आषाढ-श्रावणांत काम नसलें तरी रोज अर्धा तास तें चालूं ठेवावें, म्हणजे त्याच्याच उष्णतेनें आंतील दमटपणा कमी होतो. मेणकापडानें गच्च गुंडाळून ठेवणें हितकर नव्हे. आंतली ओल आंतच राहते.

मराठी लिहिण्यास नवख्यानें प्रथमपासून इन्स्क्रिप्ट कळफलकच शिकावा. त्यांत स्वर डाव्या हाताला व व्यंजनें उजव्या हाताला आहेत. तो विंडोज व लिनक्स दोहोंतही मिळतो, आणि युनिकोडांत लिहिलेला मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचतां येतो. जुन्या फॉन्टांत लिहिलेलें पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडतांच निरर्थक अक्षरांचा ढीग होतें.

नोंदींची एक प्रत दर महिन्यास पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी व ती त्याच टेबलाच्या खणांत न ठेवतां दुसऱ्या घरीं, शक्य तर दुसऱ्या गांवीं, ठेवावी. वादळ एकाच घराचें छप्पर निवडून उडवीत नाहीं. खरेदीचें पक्कें बिल घ्यावें. त्यावर रॅम, एसएसडी व प्रोसेसर यांचीं नांवें, क्रमांक व हमीची मुदत लिहवून घ्यावी. तें बिल मात्र कागदावरच, जमिनीच्या दस्तऐवजांबरोबर ठेवावें. संगणक बंद पडल्या दिवशींच तें लागणार आहे.