डुकराचं आतडं आधी धुऊ नका!

आपल्याकडे 'आव' हा शब्द आजाराचाच. कुणाला आव पडतेय म्हटलं की समोरचा लगेच मऊ भात, ताक वगैरे सुचवायला लागतो. पण जो चिकट पदार्थ आपल्याला फक्त आजारपणात दिसतो, तो आतड्यात एरवीही असतो. चोवीस तास. शास्त्रीय नाव म्यूकस. आतड्याच्या अस्तरातल्या गॉब्लेट पेशी तो सतत बनवत असतात. ९० टक्क्यांहून जास्त पाणी, आणि त्यात मुख्यतः एमयूसी२ नावाच्या प्रथिनाचं जाळं. बस्स, एवढाच माल.

आता गंमत बघा. मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू सुखाने नांदत असतात आणि तरीही आपल्या पेशींना त्रास देत नाहीत, याचं एक मोठं कारण हा थर आहे, हे २००८ साली स्पष्ट झालं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या मालिन योहान्सन, गुन्नार हान्सन वगैरे मंडळींनी उंदराच्या आतड्यात दोन थर दाखवले: बाहेरचा सैल, जिवाणूंनी भरलेला, आणि आतला घट्ट, जिवाणूमुक्त. आधी कसा नाही दिसला? सूक्ष्मदर्शक तर शंभर वर्षांपूर्वीही उत्तम होते!

माझं मत असं की यात दोष डोळ्यांचा कमी आणि बादलीचा जास्त. म्हणजे आतड्याचा तुकडा काढल्यावर तो कशात बुडवला याचा.

सगळ्या जगाची सवय फॉर्मॅलिनची. १८९३ साली फ्रँकफर्टचे डॉक्टर फर्डिनांड ब्लूम फॉर्मल्डिहाइड जंतुनाशक म्हणून तपासत होते. त्यात त्यांच्या बोटांची कातडी कडक झाली, आणि त्यावरून ऊतक टिकवायची ही रीत निघाली. स्नायू, यकृत, मूत्रपिंड, सगळ्यांना झकास. पण फॉर्मॅलिनचं द्रावण बहुतांशी पाणीच, आणि त्याचं काम सावकाश चालतं. तोवर म्यूकस सुटतो, वाहून जातो. उरलासुरला पुढे अल्कोहोल, झायलीन आणि गरम मेणाच्या वारीत आक्रसतो. शेवटी स्लाइडवर पेशींना चिकटलेले चार धागे दिसतात आणि जिवाणू थेट पेशींना टेकलेले. त्यावर पेपर लिहिला जातो की अमुक प्राण्यात थर जवळजवळ नसतोच.

आपल्या धंद्यात याला ओळखीचा भाऊ आहे: डीबगर लावला की गायब होणारा बग. फरक इतकाच की इथे डीबगर लावल्यावर अख्खं मॉड्यूलच उडतं, आणि लॉगमध्ये 'सर्व ठीक' असं येतं.

उपाय जुनाच आहे. कार्नॉय द्रावण: ६० टक्के इथेनॉल, ३० टक्के क्लोरोफॉर्म, १० टक्के ग्लेशियल असेटिक आम्ल. पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे म्यूकस आहे तिथेच चटकन साकळतो. इथेनॉलऐवजी मिथेनॉल घातलं की झालं मेथाकार्न. पण आतडं धुवायचं नाही! आतला मळ आतच ठेवून तुकडा बुडवायचा. स्वच्छतेच्या सवयीने आधी सलाइन मारून चकाचक केलं, तर पुढे कार्नॉय वापरा नाहीतर गंगाजल.

बरं, कार्नॉयही धुतल्या तांदळासारखा नाही. थर जागेवर राहतो, पण पाणी काढल्यामुळे पातळ होतो. उप्सालाच्या गटाने २००१ साली भूल दिलेल्या जिवंत उंदराच्या (रॅट) मोठ्या आतड्यात बारीक काचेच्या नळीने मोजला, तेव्हा सरासरी ८३० मायक्रोमीटर भरला. वरचा सैल भाग शोषून काढल्यावर उरला ११६. म्हणजे किती हलक्या हाताने काढलं यावरही आकडा बदलतो. म्हणून मेणातल्या कापावरून जाडी सांगताना 'याच पद्धतीने केलेल्या दुसऱ्या गटापेक्षा जास्त किंवा कमी' इतकंच म्हणावं. खरी जाडी म्हणून छापू नये.

यात डुक्कर कुठून आलं? एक तर त्याचं पचन उंदरापेक्षा माणसाच्या जास्त जवळचं. दुसरं कारण पैशाचं आणि औषधांचं. पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की आईपासून तोडतात आणि नेमकं तेव्हाच ई. कोलाय डाव साधतो, हगवण लागते. युरोपियन युनियनने वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं १ जानेवारी २००६ पासून बंद केलं. औषधी मात्रेतला झिंक ऑक्साइड जून २०२२ पासून बंद. चांगलंच झालं. पण मोकळ्या जागेत आता खाद्यपूरकं विकणारे घुसलेत, आणि 'आतड्याचं संरक्षक कवच मजबूत' हा त्यांचा आवडता दावा. पिल्लू वाचतं की नाही आणि शेतकरी पुन्हा अँटिबायोटिककडे वळतो की नाही, हे असल्या दाव्यांवर ठरणार असेल, तर तुकडा कशात बुडवला होता हे पहिल्या ओळीत हवं, पद्धतीच्या बारीक टायपात नाही. फॉर्मॅलिनच्या स्लाइडवरून थराची जाडी सांगणारा पेपर मी संपादक असतो तर सरळ परत पाठवला असता.

"कत्तलखान्यात क्लोरोफॉर्मच्या बाटल्या कोण नेणार?" हा आक्षेप खरा आहे. वास, विषारीपणा, विल्हेवाट, सगळाच ताप. मग बर्फात गोठवून कापा, बर्फाचे स्फटिक तुकडा फाडतात हे सांगून टाका. किंवा थराबद्दल बोलूच नका आणि गॉब्लेट पेशी मोजा. त्या फॉर्मॅलिनमध्येही बऱ्यापैकी टिकतात, अल्शियन ब्लूने छान निळ्या दिसतात. फक्त पेशी जास्त दिसल्या म्हणून थर जाड, असं म्हणू नका. पेशी भरलेली दिसते याचा अर्थ तिने माल बाहेर टाकलेलाच नाही, असाही असू शकतो.