मुलाचा गेम, घरचा फोन: बंदी घालायची की सोबत खेळायला बसायचं?

वाशिम जिल्ह्याची हद्द ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातला पुसद तालुका लागतो. तिथल्या बान्सी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला की, गावातल्या १८ वर्षांखालील मुलांनी मोबाइल वापरायचा नाही आणि वापरताना सापडल्यास २०० रुपये दंड. करोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी हातात आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटला नव्हता. मुलं त्यावर गेम खेळत बसत होती. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळी वाट धरली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात.

दोन्ही गावांची देशभर चर्चा झाली. तिसऱ्या पर्यायाबद्दल मात्र आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. तो पर्याय म्हणजे मोठ्यांनीच मुलांसोबत गेम खेळायला बसणं. ऐकायला हा लाड वाटतो. 'आता आईबापांनीही तेच करायचं का?' असं कुणीही विचारेल. पण त्यात काही तथ्य आहे का, हे तपासून बघण्यासारखं आहे.

एकाच फोनवर घर कसं खेळतं?

'कुटुंबाने मिळून व्हिडीओ गेम खेळणं' म्हटलं की परदेशातलं चित्र समोर येतं. मोठा टीव्ही, त्याला जोडलेला कन्सोल आणि सोफ्यावर चौघांच्या हातात चार रिमोट. वाशिममध्ये हे चित्र लागू पडत नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १२ लाख आणि त्यातले पाचपैकी चाराहून अधिक लोक खेड्यात राहणारे. सोयाबीन आणि तुरीवर चालणाऱ्या अशा घरांत चांगला फोन बहुधा एकच असतो आणि तो दिवसभर वडिलांच्या खिशात असतो. ते शेतातून आले की तो मुलाच्या हातात जातो.

'असर २०२४' हा अहवाल देशभरातल्या ग्रामीण मुलांबद्दल हेच सांगतो. १४ ते १६ वयोगटातल्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२ टक्के मुलांना तो वापरता येतो. पण स्वतःचा फोन असलेली मुलं त्यांच्यातही कमीच. १६ वर्षांच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांत हे प्रमाण सुमारे ३८ टक्के आहे. म्हणजे बहुतेक मुलं घरच्याच फोनवर खेळतात.

एका फोनवर सगळ्यांनी खेळायचा गेम आपल्याकडे आधीच रुजलेला आहे. 'लुडो किंग' हा गेम नवी मुंबईतल्या गेमशन कंपनीने २०१६ मध्ये आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत पोहोचला. त्यात फोन मधे ठेवून आळीपाळीने खेळण्याची सोय आहे, त्यासाठी चार फोन लागत नाहीत. लुडो मूळचा आपल्या पचिशीवरून घेतलेला. इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट १८९६ मध्ये घेतलं गेलं. त्यामुळे जमिनीवर पट आखून कवड्या किंवा चिंचोके टाकत खेळलेल्या आजीला हा गेम शिकवावा लागत नाही. उलट सोंगटी कधी पुढे काढायची आणि कधी घरात दाबून ठेवायची, हे तिला नातवापेक्षा जास्त कळतं. व्हिडीओ गेममध्ये आजी जिंकते असे प्रसंग कमीच, हा त्यातला एक.

सोबत खेळल्याने फरक पडतो?

याबद्दल बरेचदा सांगितला जाणारा अभ्यास अमेरिकेतल्या ब्रिगहम यंग विद्यापीठाचा आहे. साराह कॉइन आणि सहकाऱ्यांनी २८७ किशोरवयीन मुलामुलींचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आईवडिलांसोबत गेम खेळणाऱ्या मुलींचं वागणं अधिक चांगलं होतं आणि घराशी जवळीकही जास्त होती. मात्र मुलग्यांमध्ये असा संबंध दिसला नाही. शिवाय गेम वयाला न शोभणारे असले की मुलींमध्येही ती जवळीक कमी दिसली. अभ्यास छोटा आहे आणि परक्या समाजातला आहे. ज्या घरात मुळात माया जास्त, तिथेच लोक एकत्र खेळायला बसत असतील, ही शक्यताही उरतेच. त्यामुळे 'सोबत खेळा, मूल सुधारेल' असं कुणी ठासून सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

सोबत खेळण्याचा खरा फायदा साधा आहे. गेममध्ये नेमकं काय आहे, ते कळतं. मोबाइलवरच्या 'बीजीएमआय'चं उदाहरण घ्या. त्यात चौघांची टोळी असते आणि एक डाव २५-३० मिनिटं चालू शकतो. तो मधे थांबवता येत नाही. 'जेवायला ये' अशी हाक आल्यावर मुलगा उठत नाही, यात हट्ट असतो तसा सोबत्यांना सोडून जाण्याचा संकोचही असतो. हे माहीत नसलेला बाप फोन हिसकावतो आणि भांडण होतं. माहीत असलेला बाप 'अर्धा तास खेळ' म्हणण्याऐवजी 'एक डाव खेळ' म्हणतो. कानातल्या इअरफोनमधून मुलगा कुणाशी बोलतोय, तो माणूस ओळखीचा आहे की परका, हेही शेजारी बसल्यावरच समजतं.

पैशांचा धोका नेमका कुठे आहे?

जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. आपण फक्त जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. (हा बदल कुणाला सुचला असेल, त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.) पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींनी त्याला संमती दिली. पैसे जिंकण्याच्या आशेने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन गेम त्याने बेकायदा ठरवले. ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. अशा खेळांत ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. कायद्याला दिलेली आव्हानं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतून स्वतःकडे वर्ग करून घेतली.

म्हणजे लुडोचा पट तोच, पण पैसे लावले की गुन्हा आणि न लावता खेळलं की साधी करमणूक. हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. पैसे लावून लुडो खेळवणाऱ्या एका अ‍ॅपविरुद्ध २०२१ मध्येच मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती.

पण घरातल्या मुलाच्या बाबतीत हा कायदा एका ठिकाणी थांबतो. गेममधला रंगीत पोशाख, बंदुकीचं नवं रूप किंवा नाणी विकत घेणं हा जुगार नाही, कारण त्यातून पैसे परत मिळण्याची आशाच नसते. ती सरळ खरेदी असते आणि ती कायदेशीर आहे. 'बीजीएमआय' २०२१ मध्ये आला तेव्हा १८ वर्षांखालील खेळाडूंसाठी खर्चाची मर्यादा होती दिवसाला ७,००० रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. मुलांच्या रक्षणासाठी घातलेली एका दिवसाची मर्यादाच एका क्विंटलहून मोठी.

ज्या फोनवर मूल खेळतं, त्याच फोनवर बँकेचं अ‍ॅप असतं आणि पीएम किसानच्या दोन हजारांच्या हप्त्याचा मेसेजही त्यावरच येतो. म्हणून प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल असं करून ठेवा. यूपीआयचा पिन मुलाला सांगू नका. किराण्याचे पैसे पाठवायलाही नको. कुणी फसवून पैसे काढलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

वयाची अट कोण तपासतं?

अल्पवयीन खेळाडूंना दिवसाला तीन तास, पालकांच्या नंबरवर ओटीपी, असे काही नियम कंपनीने स्वतःच केले होते. ते लिहिताना कंपनीच्या डोळ्यांसमोर दोन फोन असावेत, एक मुलाचा आणि एक पालकाचा. एकाच फोनच्या घरात ओटीपी मुलाच्याच हातात येतो. बरेचदा तर त्याचीही गरज पडत नाही, कारण फोनवरचं खातं वडिलांच्या नावाने असतं. गेमच्या लेखी रात्री अकरा वाजता चाळीस वर्षांचा शेतकरी खेळत असतो.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती घेणं कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. पण हा भाग लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. तेव्हाही संमती विचारली जाईल ती फोनवर, आणि फोन कुणाच्या हातात असेल हा प्रश्न राहीलच.

कधी काळजी करायची?

जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत स्थान दिलं आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. मूल खूप खेळतं एवढ्यावरून हा आजार ठरत नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम महत्त्वाचा होणं, नुकसान दिसूनही न थांबणं आणि हे साधारण वर्षभर चालणं, असं सगळं जुळावं लागतं. अशा मुलासोबत लुडो खेळून उपयोग नाही, त्याला डॉक्टरकडे नेलं पाहिजे. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून मराठीतही बोलता येतं.

बाकीच्या घरांची अडचण वेगळी आहे. सोबत खेळायला मोठ्यांचा वेळ लागतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तो कुणाकडेच नसतो, आणि नेमकी त्यालाच लागून दिवाळीची सुट्टी येते. आईला तर रात्रीच्या भांड्यांनंतरच उसंत. लुडोचा एक डाव तेवढ्या वेळात होतो, बाकीचे गेम निदान शेजारी बसून बघता येतात. सुरुवात करायची तर आधी फोनवरचं गेमचं खातं उघडून त्यात कुणाचं नाव आणि कोणतं वय घातलंय ते मुलालाच दाखवायला सांगा.