संगणकाचें डोकें थंड कसें ठेवावें?

गेल्या वैशाखांत नागपुरास आमच्या वडील बंधूंच्या घरीं आठ दिवस राहण्याचा योग आला. त्यांचे धाकटे चिरंजीव वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षास असून इमारतींचे नकाशे व त्यांचीं रंगीत चित्रें संगणकावर तयार करतात. एकेका चित्रासाठीं तें यंत्र चार-चार, पांच-पांच तास राबत असतें. आम्ही पोहोंचलों त्याच रात्रीं चित्र अर्धें झालें असतांना संगणक बंद पडला. पुन्हां सुरू केला, पुन्हां बंद पडला. काम सादर करण्यास नऊ दिवस उरले होते. दुसरे दिवशीं दुकानदारास बोलावलें. त्यांनीं यंत्राची पेटी न उघडतांच, 'हें जुनें झालें, आतां नवें घ्या,' असा निर्वाळा दिला व साठ-सत्तर हजारांचा आंकडा सांगितला. दादांनीं चेकबुक काढलेंही.

"बाबा, आधीं याला चांगला कूलर तरी लावून पाहूं," असें चिरंजीवांनीं म्हणतांच वहिनी चकित झाल्या. "अरे, कूलर खिडकींत आहेच कीं! परवांच मीं त्यांत नवा वाळा घातला." विदर्भांत कूलर या शब्दाचा अर्थ एकच, आणि वैशाखांत तर दुसरा सुचणेंच कठीण. तथापि वहिनींचें हें बोलणें आम्हांस पुढें वारंवार आठवलें, कारण त्यांत वाटतें त्यापेक्षां बरेंच तथ्य होतें.

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. आमच्या पुतण्याचा प्रोसेसर एएमडी कंपनीचा, २०२० सालीं बाजारांत आलेला रायझन ५ ५६००एक्स. त्यावर ६५ वॉट असा शिक्का असला तरी पूर्ण जोरांत तो ७६ वॉटपर्यंत वीज घेतो, आणि घेतलेली जवळजवळ सर्व वीज उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकतो. पूर्वींच्या ६० वॉटच्या दिव्यास चुकून हात लावून ज्यांनीं बोट भाजून घेतलें असेल, त्यांस ही उष्णता किती हें निराळें सांगावयास नको. आणि येथें ती चार सेंटिमीटर लांबीरुंदीच्या तुकड्यांत कोंडलेली असते. ९५ अंश सेल्सियस ही या प्रोसेसरची कंपनीनें ठरविलेली मर्यादा. तेथें पोहोंचतांच तो आपला वेग आपणच कमी करतो. त्यानेंही भागलें नाहीं, तर स्वतःस वांचविण्यासाठीं यंत्र बंद पडतें. दुकानदार ज्यास म्हातारपण म्हणत होते तें हें.

पेटी उघडून पाहिलें तों प्रोसेसरबरोबर मिळालेल्या लहानशा कूलरच्या पत्र्यांमध्यें धुळीचा नमदा बसलेला! फोडणीचा वाफारा आणि देवघरांतील उदबत्तीचा धूर यांनीं ती धूळ चांगलीच चिकट झाली होती. मऊ ब्रशानें सर्व साफ केलें. संगणक बंद पडावयाचा थांबला; खर्च शून्य. ज्यांचा संगणक उन्हाळ्यांत आडमुठेपणा करूं लागला असेल, त्यांनीं प्रथम एवढें तरी अवश्य करावें. परंतु पारा ९५ वर जाऊन तेथेंच ठाण मांडून बसे, वेग घटे, आणि तो इवलासा पंखा अशी किंकाळी फोडी कीं त्याच दिवाणखान्यांत निजणाऱ्या दादांचा डोळा लागेना. नवा कूलर घेणें आतां भागच होतें.

या कामीं पुष्कळांची एक मूलभूत चूक होते, म्हणून थोडें थांबून सांगतों. असा कूलर थंडी उत्पन्न करीत नाहीं. तो उष्णता उचलून खोलींतील हवेंत सोडून देतो, इतकेंच. त्यामुळें प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षां थंड होणें कदापि शक्य नाहीं. कूलर उत्तम असला तर दोहोंतील अंतर कमी होतें, वाईट असला तर वाढतें. समजा, एखादा कूलर हें अंतर ४५ अंशांवर राखतो. २२ अंशांच्या खोलींत त्याची परीक्षा घेणारा परदेशीं परीक्षक ६७ अंश लिहून त्याची पाठ थोपटील. तोच कूलर नागपुरास ४० अंशांच्या खोलींत ८५ अंश दाखवील, आणि त्यांत त्याचा यत्किंचितही दोष नसेल. परीक्षणें वाचतांना म्हणून परीक्षकाच्या खोलीचें तापमान पाहावें आणि आपल्या खोलीचा फरक त्यांत मिळवावा. वहिनींचा वाळ्याचा कूलर दिवाणखाना आठ-दहा अंशांनीं निववीत होता, म्हणजे तितकेच अंश तो प्रोसेसरलाही जवळजवळ जशाच्या तसे देत होता! मात्र त्याचा ओला झोत थेट संगणकावर येऊं देऊं नये, हें आम्हीं त्यांस सांगितलें व त्यांनीं तो लगेच वळविला.

चिरंजीवांचें मन नोक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीच्या एनएच-डी१५ या कूलरवर बसलें होतें. २०१४ सालीं निघालेल्या या कूलरची कीर्ति मोठी आणि ती यथार्थ आहे. परंतु त्याची उंची १६५ मिलिमीटर, आणि आमच्या कॅबिनेटवर छापलेली मर्यादा १६० मिलिमीटर. पांच मिलिमीटरांसाठीं कांचेचें दार लागलें नसतें. शिवाय पंख्यांसह त्याचें वजन सव्वा किलोच्या वर. ७६ वॉटच्या प्रोसेसरवर तो चढविणें म्हणजे चहाच्या आधणास पंगतीचा हंडा ठेवणें होय. दीडशे-दोनशे वॉट ओढणाऱ्या प्रोसेसरची गोष्ट वेगळी. खरेदीपूर्वीं फूटपट्टी घेऊन कॅबिनेट मोजावें, रॅमच्या पट्ट्यांची उंची पाहावी, कारण पंखा पुष्कळदां त्यांच्यावरच येतो; आणि आपल्या मदरबोर्डाच्या सॉकेटचें नांव कूलरच्या खोक्यावर आहे कीं नाहीं हें वाचावें. इंटेलनें २०२१ सालीं नवें सॉकेट आणलें तेव्हां भोंकांतील अंतर ७५ मिलिमीटरांवरून ७८ केलें, आणि जुन्या कूलरवाल्यांची चांगलीच पंचाईत झाली. पाण्यावर चालणाऱ्या कूलरविषयीं एवढेंच म्हणतों कीं त्यांत पंप असतो व पंप कधींतरी झिजतो. हवेच्या कूलरमध्यें झिजणारी वस्तु पंखा, आणि तो पांच मिनिटांत बदलतां येतो.

अखेर चार नळ्यांचा, १२० मिलिमीटर पंख्याचा, १५५ मिलिमीटर उंच असा मध्यम कूलर सुमारें अडीच हजारांस आणला. या नळ्या मोठ्या गमतीच्या असतात. भाताच्या पातेल्यावरील झांकणाला वाफ लागते, तिचें पाणी होतें व तें पुन्हां खालीं ठिबकतें, हें प्रत्येक गृहिणी रोज पाहते. तांब्याच्या बंद नळींत हाच खेळ चालतो. आंत किंचित् पाणी, आणि हवा काढून टाकल्यामुळें तें थोड्या उष्णतेनेंच वाफ बनतें. ती वाफ थंड टोकाकडे धांवते, पत्र्यांस उष्णता देऊन पुन्हां पाणी होते, आणि नळीच्या आंतल्या सच्छिद्र अस्तरांतून, दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें तें पाणी माघारीं येतें. अमेरिकेंत लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेंत जॉर्ज ग्रोव्हर यांनीं १९६३ सालीं ही नळी प्रत्यक्षांत आणली तेव्हां त्यांच्यापुढें अंतराळयानें होतीं; आज ती आपल्या दिवाणखान्यांत येऊन बसली आहे.

आतां आमची फजिती. जुना कूलर आम्हींच काढावयास बसलों. चार स्क्रू सुटले, मदरबोर्डाच्या पाठीची धातूची पट्टी गळून पडली (ती मागून एका हातानें धरून ठेवावयाची असते), आणि कूलर निघेना म्हणून आम्हीं तो सरळ वर ओढला. खट्कन् आवाज झाला. कूलरच्या तळाला चिकटून प्रोसेसरही सॉकेटाबाहेर आला होता! दोहोंमधील थर्मल पेस्ट वाळून डिंक झाली होती. या जातीच्या प्रोसेसरला खालून १३३१ नाजूक पिना असतात. त्यांतील एका कोपऱ्यावरच्या तीन वांकल्या होत्या. चिरंजीवांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. सात दिवस उरले होते, आणि नवा संगणक घेण्याची वेळ आतां काकांमुळें येणार होती.

"भावोजी, केंस वाळवायचें यंत्र देऊं का?" वहिनींनीं विचारलें. हाच खरा उपाय होता. गरम वाऱ्यानें पेस्ट मऊ झाली, आणि प्रोसेसर अलगद पिळून बाजूस सरकवितां आला. वस्तुतः जुना कूलर काढण्यापूर्वीं संगणक दहा-पंधरा मिनिटें राबवून तापवावा, मग बंद करून, वीज तोडून, स्क्रू सोडल्यावर कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळावा आणि सुटल्याची खात्री झाली कींच उचलावा. हें आम्हांस ठाऊक होतें. घाईनें तें गिळलें. पिना सरळ करण्यास शिसें काढलेली यांत्रिक पेन्सिल वापरली. तिची पोकळ नळी पिनेवर बरोबर बसते व केंसभर-केंसभर वांकवितां येतें. हें काम आमच्या थरथरत्या हातांचें नव्हे. चिरंजीवांनीं भिंग घेऊन पाऊण तासांत केलें. मग सॉकेटाची दांडी वर करून, सोनेरी त्रिकोण खुणेशीं जुळवून प्रोसेसर नुसता ठेवला. तो स्वतःच्या भारानेंच खालीं बसला पाहिजे. दाबावा लागला तर समजावें, अजून कोठेंतरी पीन वांकडी आहे.

पुढचें काम सरळ झालें. प्रोसेसरची पाठ आयसोप्रोपिल अल्कोहोलनें स्वच्छ पुसली. मधोमध तुरीच्या दोन दाण्यांएवढी पेस्ट ठेवली. दोन धातूंमधील अदृश्य खळगे भरून तेथील हवा हांकलून देणें एवढेंच तिचें काम. तांब्याच्या मानानें ती उष्णतेची फारच मंद वाहक असल्यामुळें जाड थर लावणाऱ्याचा तोटाच होतो. नव्या कूलरच्या तळावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा होता, तो काढला. हा पापुद्रा तसाच ठेवून महिनेच्या महिने यंत्र तापवीत बसणारे लोक आहेत, हें वाचकांस थट्टेचें वाटेल, पण खरें आहे. स्क्रू एका बाजूनें आवळीत न जातां समोरासमोरचे आळीपाळीनें दोन-दोन फेरे दिले. पंख्याचा वारा कॅबिनेटच्या मागील जाळीकडे जाईल असा तो बसविला; ज्या बाजूस चौकटीचे आडवे दांडे दिसतात त्या बाजूनें वारा बाहेर पडतो. शेवटीं त्याची चार तारांची पीन मदरबोर्डावर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागींच लावली.

यंत्र सुरू झालें तेव्हां रात्रीचे दहा वाजले होते. खोलीचें तापमान ३६ अंश होतें. पूर्ण जोरांत एक तास चित्र चाललें आणि आंकडा ७७ वर स्थिरावला. दादांनीं दोनदां उठून, 'चालूं आहे ना रे?' असें विचारलें, कारण आवाज ऐकूं येत नव्हता. काम मुदतीच्या आदल्या दिवशीं सादर झालें. चेकबुक कपाटांत परत गेलें.

निघतांना वहिनींनीं विचारलें कीं ही साफसफाई किती दिवसांनीं करावी. ज्या घरांत फोडणी, उदबत्ती आणि उघड्या खिडक्या आहेत तेथें वर्षांतून दोनदां तरी करावी, असें आम्हीं सांगितलें: एकदां उन्हाळ्याच्या तोंडीं आणि एकदां खंडेनवमीस, शस्त्रांबरोबर यंत्रें पुसलीं जातात तेव्हां. त्या वेळीं पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवून मगच ब्रश किंवा वारा मारावा. हें 'धरून ठेवणें' वहिनींनीं भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीनें लिहून ठेवलें आहे.