ई-रिक्षा अडली? आधी मीटर लावा

बदलापूरपुढे नेरळ आणि नेरळच्या डोक्यावर माथेरान. तिथली माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये बजावले. पर्याय म्हणून ई-रिक्षा सांगितली. या गाडीचे काम उल्हासनगर-अंबरनाथच्या आपल्या मुलामुलींनी शिकावे, असे आम्हाला वाटते.

लेड-अ‍ॅसिडच्या गाडीत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडून ४८ व्होल्ट करतात. गाडी अडली की "चारही बदला" असा सल्ला मिळतो आणि घरावर कर्ज चढते. थोडे थांबा. चावी बंद करा, अंगठी-घड्याळ काढा, विडी लांब ठेवा. चार्जिंगच्या वेळी पेट घेणारा वायू सुटतो. टर्मिनल ढिले आहे का, त्यावर पांढरा-हिरवा थर आहे का, ते पाहा.

मग मीटर लावा. रात्री पूर्ण चार्ज करून काही तास ठेवलेली चांगली बॅटरी साडेबाराच्या वर दाखवते. एकच फार खाली असेल, तर दोष बहुधा तिच्यात. पावती काढून वॉरंटी पाहा. चारही सारख्या असून गाडी गप्प, तर फ्यूज, चावी आणि वायर तपासा.

आकडे दर महिन्याला वहीत लिहा. वहीत आकडे असले की दुकानात आपल्याला कोणी सहज फसवत नाही.