नागपूरची सुटी आणि नातीचा ‘ळ’

दिवाळीच्या सुटीत सात वर्षांच्या नातीला घेऊन आम्ही उभयता चार दिवस नागपूरला राहून आलो. बालाघाटच्या माणसासाठी ‘मोठे शहर’ म्हणजे नागपूरच. भोपाळ ही आमची राजधानी खरी, पण लग्नाचा बस्ता, डोळ्यांचा डॉक्टर आणि मुलांच्या सुटीची मौज यांसाठी आमची पावले गोंदियाच्या गाडीकडेच वळतात. वैनगंगाही आमच्या गावावरून तिकडेच जाते. तिरोडा आणि तुमसर रोड यांच्या दरम्यान ती गाडीखालून गेली, तेव्हा नातीने तिला ‘आपली नदी’ म्हणून हात केला.

ती दुसरीत आहे. शाळा हिंदी माध्यमाची, घर मराठी. आमच्या जिल्ह्यातल्या हजारो मुलांसारखे तिलाही मराठी येते ते केवळ कानाला. डोळ्याला ती भाषा कधी भेटलेली नाही. गावात मराठी पाटी नाही, वर्गात मराठी पुस्तक नाही. मराठी म्हणजे आजी बोलते ती भाषा, एवढीच तिची व्याख्या. अशा मुलाने नागपूर स्थानकावर उतरणे ही निव्वळ सहल राहत नाही, हे मला त्या चार दिवसांत उमगले.

स्थानकाच्या पाटीपाशीच ती थबकली. एका ओळीत ‘नागपूर’, दुसरीत ‘नागपुर’. “आजोबा, यातलं चुकीचं कोणतं?” दोन्ही बरोबर, एक मराठीतले, एक हिंदीतले, असे सांगितल्यावर तिचा विश्वास बसेना. मराठीच्या लेखननियमांत ग्रामनामातला ‘पूर’ दीर्घ लिहावा असा स्वतंत्र नियमच आहे. पण सात वर्षांच्या मुलीला नियमापेक्षा एवढेच कळले की आजीच्या भाषेलाही लिहिण्याची स्वतःची रीत असते, आणि ती एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिली जाते.

मुक्कामाच्या ठिकाणी लिफ्टमध्ये ‘वर’ आणि ‘खाली’ असे लिहिलेले होते. तिने ‘खाली’ वाचले आणि आत चार माणसे उभी असताना ही लिफ्ट रिकामी कशी, असे मोठ्याने विचारले. सगळे हसले, तीही हसली. त्यानंतर ती अशा जोड्या वेचतच सुटली. शाळेत ‘शिक्षा’ म्हणजे शिकणे आणि घरी ‘शिक्षा’ म्हणजे कोपऱ्यात उभे राहणे, हे तिला तोंडी ठाऊक होतेच. पण दोन्ही शब्द एकाच अक्षरांत लिहिले जातात हे तिने प्रथमच ताडले. भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आम्ही ज्याला समरूप भिन्नार्थी शब्द म्हणत असू, तो धडा तिने दोन मजल्यांत पुरा केला.

खरा प्रसंग दुसऱ्या दिवशी सकाळी घडला. रस्त्याकडेच्या एका फलकावर ‘प्राथमिक शाळा’ असे होते. ‘प्राथमिक’ तिने झरझर वाचले, ‘शा’ही वाचला आणि अडली. “हे आडवं पडलेलं आठ कोणतं अक्षर आहे?” तो ‘ळ’ होता. हिंदीच्या वर्णमालेच्या तक्त्यात ‘ळ’ नसतो. डोळे, पोळी, केळी, काळा हे शब्द ती दिवसातून दहा वेळा उच्चारते, अगदी स्वच्छ उच्चारते, आणि लिहायला सांगितले तर ‘डोले’, ‘पोली’ असे लिहिते. तिच्या तोंडात ध्वनी होता, हातात अक्षर नव्हते. (आमच्याकडच्या झाडीबोलीत ‘ळ’चा पुष्कळदा ‘र’ होतो. तो बोलीचा धर्म आहे, दोष नव्हे. इथे प्रश्न तक्त्यातून अक्षरच गळण्याचा आहे.) तो दिवसभर ‘ळ’ शोधण्यात गेला. अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, पेंढा भरलेल्या प्राण्यांपेक्षा तिचे लक्ष अक्षरांकडे अधिक होते. सीताबर्डीवर तर चंगळच. २०२२ च्या कायदादुरुस्तीने महाराष्ट्रात सर्व दुकानांवर मराठी नामफलक बंधनकारक झाला. त्यातले निम्मे फलक इंग्रजीला देवनागरी कपडे चढवलेले असतात, हे मान्य. ‘कलेक्शन’ आणि ‘शॉपी’ यांत ‘ळ’ सापडत नाही. पण ‘फळे’, ‘मंगळसूत्र’, ‘गूळ’ सापडले, आणि ते पुरले.

आता जे सांगायचे आहे ते सीमेपलीकडच्या माझ्या मराठी बांधवांना सांगायचे आहे, आणि थोडे कडू आहे. त्याच सीताबर्डीवर केसांच्या पिनांच्या एका दुकानात नातीने धीर करून स्वतः विचारले, “ही केवढ्याला?” दुकानदार क्षणापूर्वी शेजाऱ्याशी मराठीत बोलत होता. त्याने उत्तर दिले हिंदीत. तिने पुन्हा मराठीत विचारले, पुन्हा हिंदी. रात्री एका परिचितांकडे जेवायला गेलो. आम्ही ‘एमपी’चे म्हणून त्या घरातील मंडळी आमच्या सोयीसाठी, प्रेमानेच, नातीशी हिंदीत बोलू लागली. तिसऱ्या दिवशी दुकानात शिरताच तिने पहिलाच प्रश्न हिंदीत विचारला. कोणी तिला तसे सांगितले नव्हते. मुले सांगण्यावरून शिकत नाहीत, मिळालेल्या उत्तरावरून शिकतात.

मी हिंदीचा वैरी नाही. नागपूरची हिंदी उपरीही नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या राजधानीत दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या, आणि बालाघाटही त्याच प्रांतातले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्यासाठी राज्यांनी झटावे, असे तो सांगतो. त्या अनुच्छेदासाठी आमचे अर्ज चालू आहेत, चालू राहतील. परंतु अर्जाचे उत्तर येईपर्यंत नात दहावीला पोचेल. तिचा निर्णय मात्र आताच होतो आहे: मराठी ही घरातल्या म्हाताऱ्यांची भाषा की मोठ्या शहराचीही? हा निर्णय ती भोपाळच्या कार्यालयात करत नाही, तुमच्या दुकानात आणि तुमच्या पंगतीत करते.

म्हणून विनंती इतकीच की बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी इकडून पाहुणे आले आणि त्यांचे मूल मोडक्यातोडक्या मराठीत बोलले, तर त्याला मराठीतच उत्तर द्या. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाले तरी हसू नका. मोतीबागेत नॅरो गेज रेल्वे संग्रहालयाबाहेर बोरे विकणाऱ्या एका बाईंनी हे न सांगता केले. “ये माय, किती देऊ?” असे त्या म्हणाल्या, आणि नातीने त्यांच्याशी पाच मिनिटे गप्पा मारल्या. आत अडीच फुटी रुळांवरच्या इंजिनांपुढे मी तिला आमच्या जुन्या छोट्या गाडीच्या गोष्टी सांगत होतो, पण तिच्या डोक्यात बोरेवाल्या आजीच होत्या.

आमच्याकडच्या आईबापांनाही एक सांगणे आहे. नागपूरला न्याल तेव्हा मुलाला केवळ मॉलच्या सरकत्या जिन्यावर चढवून आणू नका. मॉलमध्ये सगळी शहरे सारखीच असतात. फलक वाचत पायी हिंडवा, आणि परतताना पिशवीत बालभारतीचे पहिलीचे पुस्तक आणि ‘किशोर’चा एखादा अंक असू द्या. ‘किशोर’ १९७१ पासून निघतो आहे, त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचताही येतात.

परतीच्या प्रवासात गोंदिया सुटल्यावर नातीने वहीत ‘बाळाघाट’ असे लिहून मला दाखवले. ‘बाल’चे मराठीत ‘बाळ’ होते, मग आपल्या गावाचे नाव आपणच चुकीचे लिहितो का, असा तिचा सवाल होता. हा ‘बाला’ म्हणजे फारसीतला ‘वरचा’, घाटावरचा मुलूख म्हणून बालाघाट. बीड-धाराशिवकडे याच नावाची डोंगररांग आहे आणि तिथली मराठी माणसेही ‘ल’च लिहितात, हे मी समजावले. तिने थोडा विचार केला, ‘ळ’ खोडला नाही, शेजारी कंसात ‘ल’ लिहिला आणि वही मिटली.